प्रकल्पातून पेच सोडवायला कसं शिकवाल? प्राध्यापकांसाठी सत्रभराचा आराखडा

बहुतेक विद्यापीठांत प्रकल्प असतोच. सत्राच्या सुरुवातीला विषयांची यादी लागते, गट नावं नोंदवतात, मग मधले तीन महिने त्याकडे कुणी फिरकत नाही आणि सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात रात्री जागून फाइल उभी राहते. मागच्या बॅचच्या फाइलचं मुखपृष्ठ बदललं तरी चालून जातं, हे विद्यार्थ्यांना माहीत असतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही माहीत असतं. अशा प्रकल्पातून अहवाल बांधायला येतो, पण धूसर, अर्धवट माहिती असलेल्या प्रश्नाला हात कसा घालायचा ते येत नाही.

पेच सोडवताना डोकं खऱ्या अर्थाने तीन ठिकाणी चालवावं लागतं: नेमका प्रश्न कोणता हे ठरवताना, एकाहून अधिक वाटा शोधताना, आणि निवडलेली वाट फसल्यावर. नेहमीच्या प्रकल्पात या तिन्ही जागा आपण शिक्षकच बुजवून टाकतो. प्रश्न आपण देतो, उत्तर बऱ्याचदा शीर्षकातच असतं ('अमुकसाठी मोबाइल ॲप'), आणि काही फसलं तर गुण कापतो. या तीन जागा मोकळ्या ठेवायच्या, बाकी सगळीकडे भक्कम आधार द्यायचा, एवढ्याच सूत्रावर खालचा आराखडा उभा आहे. तो चौदा आठवड्यांचं सत्र आणि साठ विद्यार्थ्यांचा वर्ग धरून केला आहे. आपापल्या सोयीने ताणावा किंवा आखडावा.

कल्पना नवी नाही. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, तो जॉन ड्यूईंच्या विचारांतून आला होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणच रुग्णांच्या समस्यांभोवती बांधलं. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकने १९७० पासून, तर डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये स्थापनेपासूनच प्रकल्प अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवला. म्हणजे अर्धशतकाचा अनुभव गाठीशी आहे. त्यावर टीकाही झाली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी २००६ मध्ये मांडलं की, नवशिक्यांना फारसं मार्गदर्शन न देता 'शोधा तुमचं तुम्ही' म्हणून सोडलं तर ते गोंधळतात आणि कमी शिकतात. मला ही टीका पटते. फक्त तिचा रोख मोकळं सोडण्यावर आहे, प्रकल्पावर नाही. नीट बांधलेल्या प्रकल्पात मार्गदर्शन भरपूर असतं, ते उत्तराबद्दल नसून पद्धतीबद्दल असतं.

पायरी १: सत्र सुरू होण्याआधी, विषय आधी आणि प्रकल्प नंतर

अभ्यासक्रम समोर घ्या आणि त्यातल्या अशा दोन-तीन संकल्पना निवडा, ज्या आल्याशिवाय प्रकल्प पुढे सरकूच नये. संख्याशास्त्रात ती नमुना निवड असेल, रसायनशास्त्रात मापनातली त्रुटी, इतिहासात साधनांची विश्वासार्हता. सगळा अभ्यासक्रम प्रकल्पातून शिकवायचा अट्टहास धरू नका. उरलेलं नेहमीसारखं शिकवा, त्यात काही कमीपणा नाही.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा: ही संकल्पना अजिबात न समजता एखादा गट हा प्रकल्प पूर्ण करू शकेल का? उत्तर 'हो' आलं तर तो प्रकल्प नसून हस्तकला आहे. रंगीत पोस्टर, छान व्हिडिओ, देखणी स्लाइड्स, आणि विषय मात्र शाबूत बाहेर.

पायरी २: विषय देऊ नका, परिस्थिती द्या

'घनकचरा व्यवस्थापन: एक अभ्यास' हा विषय झाला. त्यावर माहिती गोळा होते, पेच पडत नाही. 'वसतिगृहात ओला-सुका कचऱ्याचे वेगळे डबे ठेवूनही दोन्हींत एकच मिश्र कचरा पडतो' ही परिस्थिती झाली. इथे कुणालातरी अडचण आहे, कारण माहीत नाही आणि उपाय एकच नाही.

चांगली परिस्थिती ओळखण्याच्या माझ्या कसोट्या साध्या आहेत. ती विद्यार्थ्याला पायी जाऊन पाहता आली पाहिजे. तिच्यात निदान दोन पक्षांचे हितसंबंध एकमेकांशी भांडले पाहिजेत. उत्तर इंटरनेटवर जसंच्या तसं मिळू नये. आणि सत्राच्या आत काहीतरी छोटं करून पाहता आलं पाहिजे. जागतिक तापमानवाढ या शेवटच्या कसोटीवर नापास होते. तळमळ कितीही खरी असली तरी चौघांनी चौदा आठवड्यांत त्यावर काय करून पाहायचं?

प्रयोगशाळा नसलेल्या विषयांतही हे जमतं. भाषेच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाचा असा अर्ज द्या, जो दरवर्षी नवे विद्यार्थी चुकीचा भरतात. इतिहासाच्या वर्गाला विचारा: संस्थेच्या जुन्या छायाचित्रांत जे कर्मचारी दिसतात पण ज्यांची नावं कुठल्याच कागदात नाहीत, त्यांची नोंद कशी उभी करायची? रसायनशास्त्राच्या गटाला नेहमीचा एक प्रयोग निम्म्या द्रावकात करून निकाल तितकाच विश्वासार्ह ठेवायला सांगा.

पुढच्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण हाताशी ठेवू: परीक्षेच्या काळात ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जागा मिळत नाही.

पायरी ३: गट तुम्ही पाडा

मुलांना आपापले गट करू दिले की मित्र मित्र एकत्र येतात आणि दोघं-तिघं कुठेच बसत नाहीत ते शेवटी एका गटात ढकलले जातात. त्यापेक्षा गट शिक्षकाने पाडावेत. चार जण पुरेत. पाच चालतील, सहा नकोत. लताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये लोकांना एकट्याने आणि गटात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं होतं. गट जसा मोठा झाला तसा प्रत्येकाचा आवाज कमी होत गेला. आपला वाटा वेगळा ओळखू येतो आहे असं वाटलं की ही अंगचोरी थांबते, हेही त्यांच्याच पुढच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून गटातला प्रत्येकाचा वाटा दिसता ठेवणं ही गुण देण्याच्या वेळची नाही, पहिल्या दिवसाची व्यवस्था आहे.

पहिल्या बैठकीत गटाने एका पानावर लिहून द्यावं: आठवड्यातून कधी भेटणार, कुणी आला नाही तर काय, मतभेद झाला तर निर्णय कसा घेणार, कुणाला कोणत्या दिवशी जमत नाही. नोकरी करून शिकणारा किंवा लांबून येणारा विद्यार्थी गटात असेल तर शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. 'तो कामच करत नाही' अशी तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा त्याला न जमणाऱ्या वेळी सगळ्या बैठका झालेल्या असतात.

पायरी ४: आठवडे १ ते ३, फक्त प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिले तीन आठवडे उपाय हा शब्दच वर्गात बंद. विद्यार्थी वैतागतात, कारण त्यांना शाळेपासून सवय असते ती प्रश्न वाचून लगेच उत्तराकडे धावण्याची. वैतागू द्या.

यामागे एक जुना, सुंदर अभ्यास आहे. गेटझेल्स आणि चिक्सेंटमिहाय यांनी शिकागोच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांसमोर टेबलांवर २७ वस्तू ठेवल्या आणि त्यातल्या हव्या त्या मांडून चित्र काढायला सांगितलं. काहींनी पटकन दोन-चार वस्तू उचलून चित्र सुरू केलं. काहींनी अनेक वस्तू हाताळल्या, फिरवून पाहिल्या, मांडणी मोडली, चित्र सुरू झाल्यावरही बदलली. तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची चित्रं अधिक मौलिक ठरली. त्यांचा हा अभ्यास १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला. प्रश्न सापडायला लागणारा वेळ वाया गेलेला नसतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आता अभ्यासिका. पहिल्या आठवड्यात गटाला विचारा, प्रश्न काय? उत्तर ठरलेलं: 'खुर्च्या कमी आहेत.' हे खोडू नका. फळ्यावर लिहा आणि त्यांना मोजायला पाठवा. मतं विचारायला नाही, मोजायला. दर अर्ध्या तासाने एक फेरी, प्रत्येक खुर्चीसमोर तीनपैकी एक खूण: माणूस बसला आहे, फक्त बॅग-वही आहे, रिकामी आहे. समजा १२० खुर्च्या आहेत आणि दुपारी एकच्या फेरीत ६४ वर माणसं, ४१ वर नुसत्या बॅगा आणि १५ रिकाम्या असं निघालं. गटाच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो तो या क्षणी. खुर्च्या कमी नाहीत, अडवलेल्या आहेत.

इथे एक गट लगेच म्हणेल, 'मग बॅगा उचलून बाहेर ठेवायच्या.' म्हणजे पुन्हा उपायाकडे उडी. त्यांना बॅगवाल्यांशी बोलायला पाठवा. बॅग का ठेवली? जेवायला गेलो होतो, तास होता, जागा सोडली तर परत मिळत नाही. आणि त्या १५ रिकाम्या खुर्च्या? तिथे चार्जिंगची सोय नाही, किंवा दिवा बंद आहे. दोन वेगळे प्रश्न हाती आले, आणि पहिल्या वाक्यात दोन्ही नव्हते.

या काळात प्रत्येक गटाने प्रश्नाचं वाक्य निदान तीनदा नव्याने लिहावं, आणि प्रत्येक बदलाशेजारी तो कोणत्या निरीक्षणामुळे झाला हे नोंदवावं. अभ्यासिकेच्या गटाचं तिसरं वाक्य असं असू शकतं: 'थोड्या वेळासाठी उठलेल्याला आपली जागा जाणार नाही याची खात्री राहील आणि तेवढ्या वेळात ती खुर्ची दुसऱ्यालाही वापरता येईल, असं काय करता येईल?' या वाक्यात दोन मागण्या एकमेकींना छेद देतात. त्या ओढाताणीतूनच कल्पना सुचतात.

वाक्य तपासताना मी एकच गोष्ट पाहतो: त्यात उपाय लपला आहे का. 'अभ्यासिकेसाठी बुकिंग ॲप कसं बनवावं?' हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेलं उत्तर आहे. परत पाठवा.

पायरी ५: आठवडे ४ आणि ५, आधी एकट्याने

'बसा गोल आणि सुचवा कल्पना' ही आपली सगळ्यांची आवडती पद्धत. ॲलेक्स ऑसबॉर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने ती लोकप्रिय केली. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासलं, तेव्हा चौघांच्या गटापेक्षा एकेकट्या बसलेल्या चौघांच्या एकत्रित कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचं मोठं कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांची कल्पना विरून जाते. वर्गात त्यात आणखी एक भर पडते. जो मोठ्याने बोलतो त्याचीच कल्पना गटाची होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रत्येकाने गप्प बसून कागदावर निदान आठ कल्पना लिहायच्या. सातवी-आठवी काढताना नाकी नऊ येतात, पण बऱ्याचदा नेहमीच्या चाकोरीबाहेरचं तिथेच सापडतं. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि त्याच्या कल्पनेला काहीतरी जोडायचं. हे रोरबाख यांच्या १९६८ च्या पद्धतीचं सोपं रूप: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांत कागद पुढे. चौघांतही उत्तम चालतं. बोलणं त्यानंतर.

नमुना उत्तर दाखवण्याचा मोह मात्र आवरा. जॅन्सन आणि स्मिथ यांच्या १९९१ च्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा कप आखायला दिला होता. अट स्पष्ट होती: स्ट्रॉ किंवा तोंडाला लावायची नळी नको. काहींना सोबत एक सदोष नमुना दाखवला, ज्यात नेमकं तेच होतं. नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत त्यातल्या चुकाही उतरल्या, नको म्हणून सांगितलेल्यासुद्धा. मागच्या बॅचचा 'उत्कृष्ट प्रकल्प' सत्राच्या सुरुवातीला वर्गात फिरवण्याआधी हे आठवावं. पद्धत दाखवायची असेल तर वेगळ्याच विषयातला प्रकल्प दाखवा.

चॅटबॉटचं काय? बंदी घालून उपयोग नाही, आणि सुरुवातीलाच मोकळीक दिली तर सगळ्या गटांच्या याद्या भावंडांसारख्या दिसतात. माझा नियम असा की आधी स्वतःच्या कल्पना तारखेसह वहीत, मग चॅटबॉट. त्याने दिलेल्या यादीतलं काय घेतलं, काय टाकलं आणि का, हे लिहायचं. टाकण्याची कारणं वाचली की विद्यार्थ्याला प्रश्न किती कळला आहे ते चटकन समजतं.

कल्पना आटल्या तर फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाची तक्त्याची युक्ती वापरा. प्रश्नाचे घटक उभ्या स्तंभांत लिहायचे. अभ्यासिकेसाठी: जागा राखीव आहे हे कशावरून कळेल (कार्ड, दिवा, माणूस), किती वेळ (पंधरा मिनिटं, एक तास), वेळ संपल्यावर काय (जागा आपोआप मोकळी, शेजारी ठरवेल, ग्रंथपाल ठरवेल), सामान कुठे जाईल (खुर्चीखाली, लॉकर, काउंटर). मग प्रत्येक स्तंभातून एकेक उचलून जोड्या लावायच्या. निम्म्या जोड्या हास्यास्पद निघतात. त्यावर वर्ग हसतो, आणि हसताहसता एखादी कामाची हाती लागते.

आठवडा संपताना गटाने तीन पर्याय निवडावेत: एक बिनधोक, एक धाडसी, एक जवळजवळ फुकट होणारा.

पायरी ६: आठवडा ६, कच्चा नमुना

सहाव्या आठवड्यात काहीतरी हातात धरता आलं पाहिजे, भले ते पुठ्ठ्याचं असो. अभ्यासिकेच्या गटाने पुठ्ठ्याची दहा कार्डं करावीत, त्यावर फिरणारा काटा: 'मी इतक्या वाजता परत येईन, तोवर बसा.' ग्रंथपालांची परवानगी घेऊन एका कोपऱ्यातल्या दहा खुर्च्यांवर दोन दिवस ठेवावीत. ॲप आणि सेन्सर नंतर बघू.

चाचणीच्या आधी दोन ओळी लिहून घ्या: आम्हाला काय घडेल असं वाटतं, आणि काय घडलं तर आमची कल्पना चुकीची आहे असं मानू. दुसरी ओळ लिहिताना गट अडखळतात. तिथेच त्यांना शास्त्रीय विचाराची गोडी लागू शकते, म्हणून घाई करू नका.

याच तासिकेत गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये सुचवलेला दहा मिनिटांचा व्यायाम करून घ्या. गटाला सांगा: सत्र संपलं आहे, तुमचा प्रकल्प साफ आपटला आहे, का आपटला ते प्रत्येकाने गुपचूप लिहा. एरवी 'सगळं होईल सर' म्हणणारी मुलं यावेळी भडाभडा लिहितात. त्यातली पहिली दोन कारणं घेऊन आराखडा दुरुस्त करायचा.

पायरी ७: आठवडे ७ ते ११, फसू द्या आणि मग शिकवा

चाचणी फसणार. कार्डांवर प्रत्येक जण शक्य तितकी उशिराची वेळ लावून ठेवेल. कुणी 'तोवर बसा' वाचूनही दुसऱ्याच्या बॅगेशेजारी बसायला संकोचेल. दुसरा मुद्दा गटाच्या डोक्यात आधी आलेला नसतो, आणि पुढचं सगळं काम त्याभोवती फिरतं. निदान दोन चाचण्या आणि त्यांच्यामध्ये एक ठळक बदल, ही अट असू द्या.

मनू कपूर यांचं २००८ पासूनचं 'फलदायी अपयशा'वरचं संशोधन इथे कामी येतं. विद्यार्थ्यांनी आधी अवघड प्रश्नाशी झटापट केली आणि त्यानंतर शिक्षकाने संकल्पना शिकवली, तर आधी शिकवून मग सराव करण्यापेक्षा समज अधिक खोल होते, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. 'त्यानंतर शिक्षकाने शिकवली' हा भाग विसरू नका. नुसतं फसून कुणी शहाणं होत नाही. म्हणून पायरी १ मध्ये निवडलेल्या संकल्पनांची व्याख्यानं याच आठवड्यांत ठेवा. दोन दिवसांच्या आणि दहा खुर्च्यांच्या आकड्यांवरून सगळ्या अभ्यासिकेबद्दल बोलता येईल का, हा वाद गटात पेटलेला असताना नमुना निवड शिकवली, तर मागच्या बाकावरही लक्ष असतं.

दर आठवड्याची भेट गटामागे दहा मिनिटं. पंधरा गटांचे दीडशे मिनिटं होतात. वर्ग दुप्पट असेल तर गट आठवड्याआड बोलवा. भेटीत तुम्ही उत्तर सुचवायचं नाही, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड असतं. प्राध्यापकाला उत्तर दिसत असताना गप्प बसणं जमत नाही. हाताशी चार प्रश्न ठेवा: मागच्या भेटीनंतर तुमचं कोणतं मत बदललं? कशामुळे? आत्ता सगळ्यात कमी खात्री कशाबद्दल आहे? ती वाढवायला या आठवड्यात स्वस्तातलं काय करून पाहाल? एखादा गट सलग दोन आठवडे तिथेच अडकला असेल, तर दिशा दाखवा. तीन दिशा दाखवा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

संवाद साधारण असा होतो.

'सर, कार्डं चाललीच नाहीत. विषय बदलू का?'

'नाही चालली म्हणजे काय झालं?'

'सगळ्यांनी चार-चार तासांची वेळ लावली.'

'मग आता तुम्हाला काय कळलं, जे गेल्या आठवड्यात माहीत नव्हतं?'

थोडा वेळ शांतता. मग एकजण म्हणते, 'वेळ लावायला काही खर्च पडत नाही, म्हणून लोक जास्तीची लावतात.'

अर्थशास्त्राच्या वर्गात यापेक्षा चांगली सुरुवात कोणती मिळणार?

पायरी ८: गुण

विद्यार्थी तुम्ही काय बोलता यावर चालत नाहीत, गुण कशाला आहेत यावर चालतात. अंतिम अहवालाला सत्तर गुण ठेवलेत, तर वरचं सगळं पाण्यात. शंभर गुणांची वाटणी मी अशी करेन: प्रश्नाची मांडणी आणि ती कशी बदलत गेली यासाठी २०, पर्यायांचा पल्ला १५, चाचण्या आणि त्यातून केलेले बदल २५, विषयातल्या संकल्पनांचा वापर २०, अंतिम उत्तर आणि सादरीकरण १०, वैयक्तिक नोंदवही १०. संकल्पनांचे २० आणि नोंदवहीचे १० प्रत्येकाचे स्वतंत्र, तोंडी परीक्षेत चाचपून द्यायचे. बाकीचे ७० गटाचे. चाचणी फसली म्हणून एकही गुण जाणार नाही आणि फसलेली चाचणी लपवली तर जाईल, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगा.

कल्पकतेला गुण कसे द्यायचे, हा हमखास येणारा प्रश्न. नवेपणा आणि उपयुक्तता दोन्ही असली तर कल्पकता, हे बऱ्यापैकी सर्वमान्य आहे. नुसतं विचित्र असून चालत नाही. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे: विषय जाणणाऱ्या दोघा-तिघांनी एकमेकांशी न बोलता, सगळं काम समोर ठेवून, एकाची दुसऱ्याशी तुलना करत गुण द्यायचे. अशा स्वतंत्र निर्णयांत पुरेसा मेळ बसतो असं त्यांना आढळलं. विभागातला एक सहकारी मिळाला तरी भागतं. 'पर्यायांचा पल्ला' याच रीतीने तपासावा.

नोंदवहीला फार सजवू नका. आठवड्याला अर्धं पान, हाताने लिहिलेलं असलं तर उत्तम: मी काय केलं, काय अनपेक्षित घडलं, माझं कोणतं मत बदललं. सगळ्या वह्या दर आठवड्याला वाचणं अशक्य आहे. दर वेळी प्रत्येक गटातली कुठलीही एक उचला. कुणाची उचलली जाईल हे माहीत नसलं की सगळे लिहितात.

सहकाऱ्यांचं मूल्यमापनही घ्या. प्रत्येकाने उरलेल्या तिघांत १०० गुण वाटायचे आणि प्रत्येकासमोर एक वाक्य कारण लिहायचं, फक्त तुमच्याकडे. हे आठव्या आठवड्यात एकदा आणि शेवटी एकदा. आठव्या आठवड्यातलं जास्त मोलाचं, कारण तेव्हा काहीतरी करता येतं. आकडे सरळ गुणांना गुणू नका. दोस्ती आणि दुष्मनी दोन्ही त्यात उतरतात. आकड्यांत मोठी तफावत दिसली की त्या गटाला बोलावून विचारायचं, एवढ्यापुरते वापरा.

पायरी ९: आठवडे १२ ते १४, ज्याचा प्रश्न त्याच्यासमोर

शेवटचं सादरीकरण ज्यांची अडचण होती त्यांच्यासमोर व्हावं. अभ्यासिकेचा गट ग्रंथपालांसमोर, अर्जाचा गट प्रवेश विभागातल्या कर्मचाऱ्यांसमोर. 'हे कार्ड हरवलं तर नवं कोण करणार?' असा प्रश्न आपण परीक्षक सहसा विचारत नाही. ग्रंथपाल पहिला तोच विचारतात. वीस स्लाइड्सऐवजी गटाने तीन गोष्टी मांडाव्यात: पहिलं प्रश्नवाक्य, शेवटचं प्रश्नवाक्य आणि त्यांच्यामध्ये काय घडलं.

प्रत्येक गटाकडून पुढच्या बॅचसाठी एक पानही लिहून घ्या, 'आम्ही हे करून पाहिलं, चाललं नाही' या शीर्षकाखाली. ते त्यांच्या हाती सुरुवातीलाच द्यायचं नाही, पाचवा आठवडा संपल्यावर द्यायचं. कारण वर कॉफीच्या कपाच्या गोष्टीत आलंच आहे.

एवढं सगळं पहिल्याच वर्षी नको वाटत असेल तर

चार आठवड्यांचा छोटा प्रयोग करा, अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांपुरता. एकच परिस्थिती सगळ्या वर्गाला. पहिला आठवडा मोजणी आणि प्रश्नवाक्य, दुसरा एकट्याने कल्पना आणि मग गटात, तिसरा पुठ्ठा-कागदाचा नमुना आणि एक चाचणी, चौथा पाच मिनिटांचं सांगणं. वीसपैकी आठ गुण प्रश्नवाक्याच्या बदलांना, आठ चाचणीतून काय कळलं त्याला, चार सांगण्याला. अहवाल नको, फाइल नको. सगळ्या गटांकडे एकच परिस्थिती असल्याने त्यांची प्रश्नवाक्यं भिंतीवर शेजारी शेजारी लावता येतात. त्या भिंतीसमोर वर्गाला एक पूर्ण तास द्या: कुणाला काय दिसलं जे आपल्याला दिसलं नाही, आणि ते दिसायला त्यांनी काय केलं.